अठराव्या कलमाच्या मागावर दहा महिने

जुलै २०२३ मध्ये मी एम.ए.च्या दुसऱ्या वर्षात गेले, तेव्हा आमच्या राज्यशास्त्राच्या वर्गात लघुप्रबंधाचा पर्याय घेणारी मी एकटीच होते. बाकीच्यांनी त्याऐवजी दोन लेखी पेपर घेतले आणि त्यांचे काही चुकले असे मला आजही वाटत नाही, कारण लघुप्रबंधाला त्या दोन पेपरांच्या दुप्पट तरी वेळ लागतो. धर्म, नीती आणि आंतरराष्ट्रीय राजकारण यांच्या सीमेवरचा विषय घेऊ पाहणाऱ्या एखाद्या विद्यार्थ्याला पुढची वाट थोडी दिसावी, म्हणून संयुक्त राष्ट्रांच्या मानवी हक्कांच्या जाहीरनाम्यातील अठराव्या, धर्मस्वातंत्र्याच्या कलमावर काम करताना जे झाले ते क्रमाने लिहून ठेवत आहे.

विषयाचा अर्ज ३१ जुलैपर्यंत द्यायचा होता. मी घाईघाईने दिलेले पहिले शीर्षक होते ‘धर्म, नीती आणि जागतिक व्यवस्था’. माझ्या मार्गदर्शक बेननी (बडोद्यात प्राध्यापिकेला मराठी घरांतली मुलेही बेनच म्हणतात) तो कागद वाचून परत माझ्याकडे सरकवला आणि विचारले, “यातले कोणते विधान चुकीचे ठरू शकते?” मला उत्तर देता आले नाही. ज्या शीर्षकात चुकीचे ठरण्याजोगे काहीच नाही, त्यावर शोध घेण्याजोगेही काही नसते, एवढे सांगून त्यांनी मला दोन आठवड्यांची मुदत दिली. त्या दिवशी मी फार खट्टू होऊन घरी आले, हे खरे आहे.

आमचे घर दांडिया बाजारात. संध्याकाळी आजीला मी हे सांगत होते आणि बोलता बोलता दिवसभर हंसा मेहता ग्रंथालयात बसले होते असे म्हणाले. आजी १९५५ साली महाराजा सयाजीराव विद्यापीठात बी.ए.ला होती. ती म्हणाली, “हंसाबेन आमच्या वेळी कुलगुरू होत्या. त्यांचं नाव ग्रंथालयाच्या पाटीवर आहे, पण त्यांनी काय केलं ते तुम्हाला कुणी शिकवलं का?” कुणी शिकवले नव्हते. बडोदे संस्थानाचे दिवाण मनुभाई मेहता यांची ही मुलगी १९४९ ते १९५८ या काळात विद्यापीठाची कुलगुरू होती, घटना समितीची सदस्य होती, आणि संयुक्त राष्ट्रांच्या मानवी हक्क आयोगावर भारताची प्रतिनिधी होती. मी तीन वर्षे त्या पाटीखालून ये-जा करत होते.

हंसाबेनविषयी एक गोष्ट सर्वत्र सांगितली जाते. मानवी हक्कांच्या जागतिक जाहीरनाम्याच्या मसुद्यात पहिल्या कलमात ‘सर्व पुरुष’ असाही अर्थ निघू शकेल असे शब्द होते. आयोगाच्या अध्यक्ष एलिनॉर रूझवेल्ट यांच्या मते त्यात स्त्रिया गृहीतच होत्या. हंसाबेननी हरकत घेतली आणि अखेर ‘सर्व मानव’ असे शब्द आले. मी हाच विषय घेऊन पुन्हा गेले. बेन म्हणाल्या की यावर पुष्कळ लिहून झाले आहे, शिवाय स्त्रियांच्या दर्जाविषयीच्या आयोगाच्या अध्यक्ष बोडिल बेगट्रुप यांनीही तोच आग्रह धरला होता, त्यामुळे सगळे श्रेय एकीला देणारी कथा जपून वापरावी. मग त्यांनी उलट प्रश्न केला: “धर्मस्वातंत्र्याबद्दल हंसाबेनचं काय म्हणणं होतं, ते पाहिलंस का?”

ते पाहण्यासाठी बी. शिवा राव यांनी संपादित केलेल्या, घटनानिर्मितीच्या कागदपत्रांच्या खंडांकडे गेले आणि तेथे माझा विषय सापडला. १९४७ च्या वसंतात घटना समितीची मूलभूत हक्क उपसमिती धर्मस्वातंत्र्याचे कलम तयार करत होती. राजकुमारी अमृत कौर आणि हंसाबेन या दोघींनी धर्माच्या मुक्त ‘आचरणा’च्या हक्काला आक्षेप घेतला. पडदा, बालविवाह, बहुपत्नीत्व, वारसाहक्कातील विषमता, मुलींना देवाला वाहणे या सगळ्या प्रथा धर्माचे आचरण म्हणून संरक्षित होतील, आणि पुढचे सुधारणांचे कायदे तर अडतीलच, पण विधवाविवाहाचा किंवा बालविवाहाला आळा घालणाऱ्या सारडा कायद्यासारखा जुना कायदाही रद्द ठरेल, अशी त्यांची भीती होती. आज घटनेच्या २५ व्या कलमात ‘आचरण’ हा शब्द आहे आणि त्याच कलमाच्या दुसऱ्या भागात समाजसुधारणेचे कायदे करण्याची मुभाही आहे. माझा प्रश्न अखेर असा ठरला: १९४७-४८ या दोन वर्षांत भारतीय प्रतिनिधींनी धर्मस्वातंत्र्याविषयी दिल्लीत एक भाषा वापरली आणि संयुक्त राष्ट्रांत दुसरी, असे दिसते का? हे विधान चुकीचे ठरू शकत होते, आणि काही अंशी ते तसे ठरलेही.

१२ सप्टेंबरला रूपरेषा विभागीय समितीसमोर ठेवली. समितीने ती परत केली, कारण मी तीत बारा मुलाखतींचाही समावेश केला होता: निरनिराळ्या धर्मांच्या बारा व्यक्तींना हक्क आणि कर्तव्य यांविषयी विचारायचे असे मनात होते. मुलाखतींसाठी संमतिपत्रे तीन भाषांत हवीत, नैतिक मान्यतेचा वेगळा अर्ज हवा आणि तो मंजूर व्हायला महिना-दीड महिना लागेल, असे कळले. बेनशी बोलून मी मुलाखती वगळल्या. ज्यांना मुलाखती घ्यायच्याच आहेत त्यांनी तो अर्ज पहिल्याच महिन्यात द्यावा. धर्माविषयी प्रश्न विचारायचे असतील, तर समोरच्या माणसाचे नाव आणि वस्ती कशी झाकणार हे आधीच लिहून ठेवावे लागते, आणि ते योग्यच आहे. सुधारलेली रूपरेषा ३ ऑक्टोबरला दिली, मान्यता १९ ऑक्टोबरला मिळाली. अर्जाचे शुल्क दोनशे रुपये. नवरात्र चालू होते, मैत्रिणी रोज रात्री गरब्याला जात होत्या आणि मी मात्र मान्यतेच्या पत्रावर सही झाली की नाही हे विचारायला रोज दुपारी कार्यालयात जात होते.

नोव्हेंबर हा सर्वांत कठीण आणि सर्वांत आनंदाचाही महिना ठरला. संयुक्त राष्ट्रांची त्या काळची बहुतेक कागदपत्रे आता त्यांच्या डिजिटल ग्रंथालयात घरबसल्या आणि विनामूल्य मिळतात, पण त्यांचे क्रमांक वाचता आले नाहीत तर त्यांत वाट सापडत नाही. ‘ई/सीएन.४’ म्हणजे आर्थिक व सामाजिक परिषदेखालील मानवी हक्क आयोग, ‘ए/सी.३’ म्हणजे सर्वसाधारण सभेची (सामाजिक प्रश्नांची) तिसरी समिती, ‘एसआर’ म्हणजे बैठकीचा संक्षिप्त वृत्तान्त आणि ‘पीव्ही’ म्हणजे शब्दशः वृत्तान्त. हे मला कुणी सांगितले नव्हते, त्यामुळे पहिले चार दिवस मी हंसाबेनचे नाव तिसऱ्या समितीच्या कागदांत शोधत राहिले. त्यांचे काम आयोगात, म्हणजे डिसेंबर १९४७ मध्ये जिनिव्हात आणि मे-जून १९४८ मध्ये लेक सक्सेस येथे झाले होते. १९४८ च्या अखेरीस सर्वसाधारण सभा पॅरिसमध्ये भरली, तेव्हा तिसऱ्या समितीत भारताच्या वतीने बोलणाऱ्यांत लक्ष्मी मेनन होत्या. म्हणून माझी पहिली सूचना अशी, की शोध घेण्याआधी कोणती व्यक्ती कोणत्या महिन्यात कोणत्या सभागृहात होती, याचा एक तक्ता करावा.

दुसरी चूक अधिक गंभीर होती. संक्षिप्त वृत्तान्तात ‘प्रतिनिधी म्हणाल्या की…’ अशा रीतीने भाषणाचा गोषवारा दिलेला असतो. मी तो गोषवाराच अवतरणचिन्हांत घालून वक्त्यांच्या तोंडी दिला होता, आणि तसे एकवीस उतारे माझ्या पहिल्या प्रकरणात होते. बेननी ते पाहिले आणि शांतपणे म्हणाल्या, “हे शब्द वृत्तान्त लिहिणाऱ्याचे आहेत, वक्त्यांचे नाहीत.” धर्माविषयीच्या वादात एकेका शब्दाला वजन असते, न उच्चारलेला शब्द कुणाच्या तोंडी घालणे म्हणजे त्या व्यक्तीवर अन्याय करणे आहे. ते एकवीस उतारे बदलण्यात दोन आठवडे गेले.

जाहीरनाम्याच्या अठराव्या कलमात विचार, सदसद्विवेकबुद्धी आणि धर्म यांचे स्वातंत्र्य आहे आणि त्यात धर्म किंवा श्रद्धा बदलण्याचे स्वातंत्र्य स्पष्ट शब्दांत नमूद आहे. हा ‘बदलण्याचा’ उल्लेख लेबनॉनच्या चार्ल्स मलिक यांनी आग्रहाने धरला. सौदी अरेबियाचे जमील बरूदी यांनी त्याला विरोध केला. पाकिस्तानचे मोहम्मद जफरुल्ला खान यांनी मात्र सर्वसाधारण सभेत कुराणाचाच आधार देऊन त्या कलमाचे समर्थन केले. हे वाचताना मी कितीतरी वेळ थांबले होते, कारण ‘पूर्व’ आणि ‘पश्चिम’ किंवा ‘मुस्लीम देश’ अशा मोठ्या खोक्यांत ही माणसे बसत नव्हती. पहिल्या कलमाच्या चर्चेत ब्राझीलने मानव ईश्वराच्या प्रतिमेप्रमाणे निर्माण झाला आहे असा उल्लेख सुचवला होता. चीनचे पी. सी. चांग यांनी असे धर्मशास्त्रीय प्रश्न जाहीरनाम्यात आणू नयेत असे म्हटले आणि ती सूचना मागे घेतली गेली. त्याच कलमातील ‘सदसद्विवेकबुद्धी’ या शब्दामागेही चांग यांनी मांडलेली कन्फ्यूशियसच्या परंपरेतली ‘रेन’ (माणुसकी, सहभाव) ही कल्पना आहे. १० डिसेंबर १९४८ रोजी पॅरिसमध्ये जाहीरनामा संमत झाला तेव्हा ४८ मते बाजूने पडली, विरोधात एकही नाही आणि आठ देश तटस्थ राहिले.

आता दिल्लीकडे पाहा. घटना समितीत धर्मस्वातंत्र्याच्या कलमावर चर्चा झाली ती ३ आणि ६ डिसेंबर १९४८ रोजी, म्हणजे पॅरिसच्या मतदानाच्या त्याच आठवड्यात. येथे वाद ‘बदलण्याच्या’ हक्कावर नव्हता, तो ‘प्रचार’ या शब्दावर होता. तजम्मुल हुसेन यांना धर्म ही खासगी बाब असल्याने तो शब्द नको होता, लोकनाथ मिश्र यांनी वेगळ्या कारणांनी त्याला विरोध केला, आणि लक्ष्मीकांत मैत्र, टी. टी. कृष्णम्माचारी, क. मा. मुन्शी यांनी त्याचे समर्थन केले. शब्द राहिला. मी जेवणाच्या टेबलावर एक लांब कागद पसरून वर पॅरिसच्या आणि खाली दिल्लीच्या तारखा लिहिल्या, तेव्हा दोन्ही ओळी डिसेंबरच्या पहिल्या दहा दिवसांत एकमेकींना जवळजवळ चिकटल्या. त्या रात्री मला झोप लागली नाही. दुसऱ्या दिवशी बेननी सावध केले की तारखा जवळ आल्या म्हणून एकाचा दुसऱ्यावर प्रभाव पडला असे ठरत नाही. तसे दाखवणारा कागद मला अखेरपर्यंत मिळाला नाही आणि प्रबंधात मी तसे स्पष्ट लिहिले.

दिल्लीला जाणे आवश्यक होते. हंसाबेनची कागदपत्रे तीन मूर्ती भवनाच्या आवारातील ग्रंथालयात आहेत (त्याचे नाव २०२३ मध्ये बदलून प्रधानमंत्री संग्रहालय आणि ग्रंथालय झाले, जुन्या संदर्भांत जुने नाव दिसते, त्यामुळे गोंधळू नये). विभागाचे ओळखपत्र मिळायला, सही आणि शिक्का धरून, सतरा दिवस लागले. मी १० डिसेंबरच्या रात्रीच्या गाडीने निघाले. जाहीरनाम्याला त्याच दिवशी ७५ वर्षे पूर्ण झाली होती. हा योग मी जुळवून आणला नव्हता, आरक्षण त्याच दिवशीचे मिळाले होते, पण वरच्या बर्थवर पडल्या पडल्या मला त्याचे फार अप्रूप वाटत होते.

करोलबागेत मावशीकडे राहिल्याने राहण्याचा खर्च वाचला. गाडीभाडे, मेट्रो, जेवण आणि छायाप्रती मिळून ५,१४० रुपये लागले. तीन मूर्तीच्या वाचनकक्षातील कर्मचाऱ्यांनी फार आपुलकीने मदत केली. पहिल्या दिवशी मी नुसती सूचीच वाचली आणि तो दिवस वाया गेला नाही. दुसऱ्या एका संग्रहात मात्र मी मागितलेल्या नऊ फायलींपैकी चार ‘उपलब्ध नाही’ अशा शेऱ्यासह परत आल्या. पाच दिवसांच्या मुक्कामात तसा शेरा हातात पडला की डोळ्यांत पाणी येते. जाण्याआधी राष्ट्रीय अभिलेखागाराच्या ‘अभिलेख पटल’ या संकेतस्थळावर शोधून पाहावे, बऱ्याच फायली तेथे घरूनच वाचता येतात. ज्या मागवायच्या त्यांचे क्रमांक लिहून ठेवावेत, आणि मुख्य फाइल मिळाली नाही तर दुसरी कोणती, हेही आधी ठरवावे. पेन्सिल, गरम कपडे आणि मूळ ओळखपत्राच्या दोन प्रती जवळ असाव्यात.

जानेवारीत उत्तरायणाचे दोन दिवस सारे बडोदे गच्चीवर होते आणि मी खाली खोलीत तिसरे प्रकरण लिहीत होते. याच काळात एक अनपेक्षित लाभ झाला. १९४७ मध्ये युनेस्कोने मानवी हक्कांच्या तात्त्विक पायाविषयी जगभरच्या विचारवंतांना प्रश्नावली पाठवली होती. गांधीजींनी छोटे पत्र पाठवून कळवले की आपल्या निरक्षर पण शहाण्या आईकडून आपण शिकलो ते हे, की हक्क मिळतात आणि टिकतात ते कर्तव्य नीट पार पाडल्याने. भारतातून आलेल्या उत्तरांत आणखी एक होते, श्री. व्यं. पुणतांबेकर यांचे. ते आडनाव पाहून मी ताठ बसले. मनू आणि बुद्ध या दोघांचाही हवाला देऊन त्यांनी पाच स्वातंत्र्ये आणि पाच सद्गुण अशी दहा सूत्रे मांडली आहेत: हिंसेपासून, अभावापासून, शोषणापासून, अप्रतिष्ठेपासून आणि अकाली मृत्यू व रोगापासून मुक्तता, आणि त्यांच्या जोडीला असहिष्णुतेचा अभाव, करुणा, ज्ञान, विचार व सदसद्विवेकबुद्धीचे स्वातंत्र्य आणि निर्भयता. मनू आणि बुद्ध यांना एका वाक्यात बसवणे मला पटत नाही, आणि बडोद्यात राहणाऱ्या माणसाला ते पटू नये असेही मला वाटते. याच शहरात १९१७ साली नोकरीसाठी आलेल्या डॉ. आंबेडकरांना जातीमुळे राहायला जागा मिळाली नाही. सयाजीबागेत त्या प्रसंगाची स्मृती जपणाऱ्या संकल्पभूमीवर मी त्या आठवड्यात मुद्दाम जाऊन आले आणि पुणतांबेकरांवरील माझी टीका त्यानंतर अधिक स्पष्ट शब्दांत लिहिली.

भाषेची एक अडचण येथे सांगायला हवी. प्रबंध इंग्रजीत होता, पण विचार मी मराठीत करत होते. शेजारधर्म, राजधर्म, धर्मशाळा, परधर्म या शब्दांत ‘धर्म’ दर वेळी निराळा आहे. पुणतांबेकर आणि गांधीजी कर्तव्याच्या अर्थाने बोलतात, तर अठरावे कलम उपासनेच्या आणि श्रद्धेच्या अर्थाने. हे दोन अर्थ मी पहिल्या खर्ड्यात एकमेकांत मिसळले होते आणि माझे अर्धे निष्कर्ष त्या सरमिसळीतूनच आले होते. बेनच्या सांगण्यावरून प्रास्ताविकात या एका शब्दावर दीड पान लिहिले आणि पुढे प्रत्येक ठिकाणी अर्थ ठरवूनच तो वापरला. या विषयावर भारतीय भाषांत विचार करणाऱ्या प्रत्येकाने हे काम आधी करावे.

मार्चअखेर खर्डा पूर्ण झाला. साहित्यचौर्याच्या तपासणीत साम्य २७ टक्के निघाले आणि मी हादरून गेले. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१८ च्या नियमांप्रमाणे दहा टक्क्यांपर्यंतचे साम्य चालते. नंतर ध्यानात आले की जाहीरनाम्याची कलमे, घटनेची कलमे आणि संदर्भसूची हे सगळे त्यात मोजले गेले होते. संदर्भासह दिलेली अवतरणे आणि सूची वगळण्याची तरतूद त्याच नियमांत आहे, पण ती वगळा असे आपण लेखी मागावे लागते. मागितल्यावर आकडा ८ वर आला. १५ एप्रिलला चार प्रती सादर केल्या: बांधणी प्रत्येकी ३४० रुपये, सादरीकरणाचे शुल्क १,००० रुपये, त्याआधीच्या खर्ड्यांची छपाई १,१५० रुपये. दिल्लीसह एकूण खर्च ८,८५० रुपये झाला. ग्रंथालयाचा ना-देय दाखला शेवटच्या दिवसासाठी ठेवू नये; माझी त्या दिवशीची सगळी सकाळ त्यात गेली.

मौखिक परीक्षा ३ मे रोजी ठरली होती. ७ मे रोजी गुजरातमध्ये लोकसभेचे मतदान होते, कार्यालयातील बहुतेकांना निवडणुकीची कामे लागली होती, आणि परीक्षा २१ मेपर्यंत पुढे गेली. त्या अठरा दिवसांत ऐन उन्हाळ्यात वाचलेले सगळे विसरते आहे असे वाटत राहिले. प्रत्यक्ष परीक्षा पन्नास मिनिटे चालली. बाहेरून आलेल्या परीक्षकांनी विचारले की दिल्ली आणि संयुक्त राष्ट्रे येथील भाषेत विसंगती होती या माझ्या मूळ गृहीतकाचे काय झाले. मी सांगितले की ते अर्धेच टिकले: हंसाबेनना दिल्लीत जी भीती होती ती घरातल्या आणि जातीतल्या सत्तेची होती, आणि आयोगात त्यांनी ‘सर्व पुरुष’ला घेतलेली हरकत हीही त्याच सत्तेविषयीची होती, या दोन्हींत मला विसंगती दिसत नाही. मात्र ‘बदलणे’ आणि ‘प्रचार’ या दोन शब्दांमधले अंतर खरे आहे आणि ते मी पूर्ण उलगडू शकलेले नाही. त्यांनी पुढे विचारले की मग जाहीरनाम्यात ‘बंधुत्व’ हा शब्द का राहिला. ‘सर्व मानव’ असे सुरू झालेले पहिले कलम बंधुत्वाच्या भावनेवर संपते, हे मी शंभर वेळा वाचले होते आणि एकदाही थांबले नव्हते. मी तसे प्रामाणिकपणे सांगितले.

निकाल १४ जूनला लागला. एक प्रत आजीला दिली. तिने चष्मा लावून पहिल्या कलमाचे पान पुन्हा पुन्हा वाचले आणि परिशिष्टातील नावांत हंसाबेनचे नाव बोटाने शोधले.

कागदपत्रांच्या क्रमांकांचा तक्ता, एकंदर १३४ नोंदी, मी या वर्षी शिक्षणाच्या हक्कावर, म्हणजे २६ व्या कलमावर काम करणाऱ्या एका धाकट्या विद्यार्थिनीला दिला. आठच दिवसांत ती आली आणि जिनिव्हाच्या अधिवेशनातील एका बैठकीची तारीख मी चुकीची उतरवली आहे असे दाखवून गेली. मूळ वृत्तान्त उघडून पाहिला. तिचेच बरोबर होते. माझ्याजवळच्या प्रतीत ती तारीख दुरुस्त केली आहे आणि विभागात ठेवलेल्या प्रतीसाठी शुद्धिपत्राचा अर्ज सोमवारी देणार आहे.